नव्या घरात डासांचा बंदोबस्त: सुरुवात पाण्यापासून

घर बदललं की डासांचा त्रास पहिल्याच आठवड्यात कळतो आणि बहुतेक जण सरळ दुकान गाठून कॉइल किंवा लिक्विडचं मशीन घेऊन येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की औषधाचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. आधी घरातलं आणि घराभोवतीचं पाणी, मग खिडक्या-दारं, मग आत राहून गेलेले डास, आणि त्यानंतर गरज उरलीच तर औषध. या क्रमाने गेलात तर ती गरज फारच थोडी उरते. शहरात पहिल्यांदाच बिऱ्हाड थाटणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे: नोकरीसाठी भाड्याने राहायला आलेली मुलं-मुली, नवी जोडपी, आणि विशेष करून ज्या घरात बाळ येणार आहे ते घर.

डास कधी चावतो ते आधी बघा

दोन-तीन दिवस फक्त लक्ष ठेवा. सकाळी आवरताना किंवा दुपारनंतर टेबलाखाली घोट्याला, पोटरीला चावा बसतो आणि कानाशी फारशी गुणगुण ऐकू येत नाही, तर तो एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका पसरवणारा हाच. दिवे लागल्यावर घरात शिरून रात्रभर कानाशी गुणगुणतो तो बहुधा क्युलेक्स. हा मळकट तपकिरी असतो आणि गटार, तुंबलेला नाला, सेप्टिक टँक अशा घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोग याच्यामुळे होतो. तिसरा मलेरियाचा अॅनोफिलिस, तोही रात्रीचा. भिंतीवर बसताना डोकं खाली आणि शेपटीकडचा भाग वर करून तिरका बसतो, त्यावरून ओळखू येतो. शहरात याची वाढ गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेलं पाणी अशा स्वच्छ पाण्यात होते.

हे जाणून घेण्याचा उपयोग असा: एडिस फार लांब उडत नाही, साधारण काहीशे मीटरच्या आतच त्याचं सगळं आयुष्य जातं. म्हणजे दिवसा चावणारा डास बहुतेक वेळा तुमच्याच घरात, नाहीतर वरच्या-खालच्या-शेजारच्या घरात जन्मलेला असतो. त्याचा बंदोबस्त तुमच्या हातात आहे. क्युलेक्स मात्र एखाद-दोन किलोमीटरवरूनही येतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने जलपर्णी माजते तेव्हा खराडी-मुंढव्याकडच्या इमारतींत संध्याकाळी बसवत नाही, आणि घर कितीही कोरडं ठेवलं तरी ते डास येतातच. तिथे जाळीला पर्याय नाही.

झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि जून २०२४ मध्ये पुण्यात एरंडवण्यात रुग्ण आढळले, मग शहराच्या इतर भागांतही. झिकाने पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका पोचू शकतो. म्हणून घरात गरोदर बाई असेल तर पुढचं काम आजच हाती घ्या.

पाणी शोधा, कोपरा न् कोपरा

अंड्यापासून उडता डास तयार व्हायला उन्हाळा-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खातं वर्षानुवर्षं ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ म्हणून सांगतं, त्यामागचा हिशेब हाच. आठवड्यातून एकदा पाणी ओतून दिलं की अळी डास होण्याआधीच संपते.

पण नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर बाजूला चिकटवून. काळ्या बारीक कणांसारखी दिसतात, मळ समजून कुणी लक्ष देत नाही. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून पिंप, बादली, कुंडीची ताटली, काहीही असो, रिकामं केल्यावर आतून काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासायचं आणि उन्हात वाळवायचं. घासणं हाच यातला खरा भाग आहे.

एका रविवारी सकाळी हातात बॅटरी घेऊन निघा. मोबाइलचा टॉर्च चालेल.

फ्रिजपासून सुरुवात करा. फ्रिज डिफ्रॉस्ट होतो त्याचं पाणी मागे, खाली कॉम्प्रेसरवर बसवलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये जमतं. एरवी ते उष्णतेने आटतं, पण दमट हवेत आटत नाही. आधी प्लग काढा, फ्रिज पुढे ओढा आणि टॉर्च तिरपा धरून ट्रेमध्ये बघा. पाण्यात बारीक दोऱ्यासारखं काही वळवळताना दिसलं, उजेड पडताच खाली बुडी मारताना दिसलं, तर त्या अळ्या. स्वल्पविरामासारखे वाकडे, टुणकन उलट्या मारणारे काळपट जीव दिसले तर ते कोष, म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणारच. भाड्याने घेतलेल्या घरात घरमालकाचा जुना फ्रिज असेल तर हा ट्रे कधीच कुणी काढलेला नसतो. काही मॉडेलमध्ये तो स्क्रूने बसवलेला असतो. निघत नसेल तर जुन्या फडक्याने पाणी टिपून घ्या आणि कडा पुसा.

मग झाडं. कुंड्यांखालच्या ताटल्या सरळ काढून टाकाव्यात असं माझं मत आहे. फरशीवर डाग पडतो म्हणून ठेवायच्याच असतील तर त्यात वाळू भरा, पाणी दिसता कामा नये. बाटलीतला मनीप्लँट आणि काचेच्या भांड्यातला बांबू दिवाणखान्यात फार छान दिसतात, पण त्यांचं पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, मुळं नळाखाली धुवा आणि बाटली आतून घासा. तेवढा वेळ होत नसेल तर मनीप्लँट मातीत लावा, तोही तिथे जास्त खूश असतो. उन्हाळ्यात पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं रोज घासून भरा.

बाथरूममध्ये वापरात नसलेला संडास बघा. पाहुण्यांसाठीचं बाथरूम महिनोन् महिने बंद असतं आणि कमोडमध्ये, फ्लशच्या टाकीत डासांची वसाहत होते. आठवड्यातून एकदा फ्लश करा, झाकण पाडून ठेवा. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या भोकाच्या, जाळीखाली पाणी कायम असतं, ते असायलाच हवं, नाहीतर गटाराचा वास वर येतो. रोजची आंघोळ होणाऱ्या ठिकाणी ते बदलत राहतं. बंद बाथरूममध्ये मात्र आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी जोरात ओता.

बाल्कनीत एसीच्या पाण्याची बादली, उलटा न ठेवलेला टब, कोपऱ्यातलं भंगार, कुणीतरी ठेवून दिलेला टायर. टायर तर घरात ठेवूच नका, त्यातलं पाणी पूर्ण निघतच नाही. मुंबई-कोकणात पावसाआधी गच्चीवर आणि पत्र्यांवर ताडपत्री टाकतात, तिच्या सुरकुत्यांत पाणी साचतं. ती ताणून, उतार देऊन बांधली पाहिजे. विदर्भात कूलरचं प्रकरण मोठं असतं. मे महिन्यात चालू असताना आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा. पाऊस सुरू झाला की कूलर गॅलरीत तसाच उभा राहतो आणि टाकीत पावसाचं पाणी भरतं. हंगाम संपला की टाकी खरवडून कोरडी करा, जुन्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या फेकून द्या आणि कूलर झाकून ठेवा, म्हणजे चिकटून राहिलेली अंडी पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत बसणार नाहीत.

जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या घरांची अडचण वेगळी आहे. मराठवाड्यात कित्येक शहरांत आठवड्याच्या अंतराने पाणी येतं. तिथे पिंपं भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो आणि ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला देणं अन्यायाचं आहे. त्यामुळेच डेंग्यू दुष्काळातही होतो. अशा घरात भांड्यांची संख्या कमी ठेवा: चार उघड्या बादल्यांपेक्षा एक झाकणाचं पिंप बरं. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा दुहेरी तुकडा तोंडावर पसरून सुतळीने आवळा. फडकं पाण्यात लोंबता कामा नये, ताणलेलं हवं. नवं पाणी यायच्या दिवशी आधी पिंप रिकामं करून घासा, मगच नळ लावा. आशाताई किंवा आरोग्य खात्याचे कर्मचारी टेमीफॉस (अळ्या मारणारं औषध) टाकायला आले तर टाकू द्या. ठरलेल्या मात्रेत ते साठवणीच्या पाण्यासाठीच असतं. रिकामी न करता येणारी हौदासारखी टाकी असेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे मिळतात. ते हौदातच ठेवा, नदी-ओढ्यात सोडू नका, तिथल्या स्थानिक माशांना त्यांचा त्रास होतो.

इमारतीचं पाणी

हे तुमच्या एकट्याच्या हातात नसतं, पण सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून चार गोष्टी नक्की विचारा. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं शाबूत आहेत का? ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला जाळी आहे का? सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली आहे का? ही शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. उघड्या व्हेंट पाइपमधून रोज संध्याकाळी क्युलेक्स बाहेर पडत राहतात. नायलॉनच्या जाळीचा हातभर तुकडा आणि वायर एवढं साहित्य लागतं. चौथी जागा म्हणजे लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या मीटरचा चेंबर आणि तळघरातलं पार्किंग, जिथे पंप गळत असतो.

शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून, साठवलेलं पाणी आणि लिफ्टचा रिकामा खड्डा ही मलेरियाची हमखास ठिकाणं. मुंबईत महापालिकेचं कीटकनाशक खातं यासाठीच आहे, इतर शहरांत प्रभाग कार्यालयात तक्रार करता येते. तपासणीला माणसं घरी आली तर त्यांना आत येऊ द्या, टाकी दाखवा. ते दारातून परत गेले तर नुकसान आपलंच आहे.

जाळ्या

घरासाठी पैसे खर्च करायचे तर इथे करा. एसी नंतर घेतला तरी चालेल.

जाळी घेताना घरं मोजा. पट्टी ठेवून एका इंचात १६ ते १८ घरं भरली की डास अडतो. त्याहून मोठ्या घरांची जाळी झुरळं-पाली अडवेल, डास नाही. फारच बारीक घेतली तर वारा बंद होतो. फायबरची जाळी स्वस्त आणि धुवायला सोपी, पण मांजर असेल तर नखांनी फाडते. तिथे स्टेनलेस स्टीलची घ्या. समुद्रकाठी साधी लोखंडी जाळी लवकर गंजते, ती टाळा.

स्लायडिंग खिडक्या असतील तर आधी ट्रॅक मोजा. तीन ट्रॅक असतील तर तिसरा जाळीच्या पल्ल्यासाठीच असतो, अॅल्युमिनियमवाल्याला मापं दिली की बसवून देतो. दोनच ट्रॅक असतील तर आतून वेल्क्रोची जाळी. ती स्वतः बसवता येते: चौकट आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. वेल्क्रोची चिकट पट्टी चौकटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग दाबत लावा, मध्ये तुटक नको. रात्रभर तशीच राहू द्या म्हणजे गोंद धरतो. दुसऱ्या दिवशी जाळी वरून सुरू करून खाली ताणत चिकटवा. जाळी चौकटीपेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठी कापलेली हवी. हे काम मे महिन्यात उरका, पावसाळ्यात दमट भिंतीवर गोंद धरत नाही. भाड्याचं घर असेल तर घरमालकांना आधी विचारून घ्या, कारण पट्टी काढल्यावर डाग राहतो आणि डिपॉझिटवरून वाद होतो. जुन्या वाड्यातल्या लाकडी चौकटीला मात्र लाकडी पट्टी आणि चुका मारून बसवलेली जाळीच टिकते.

जाळ्या बसवूनही डास येतात तेव्हा लोक जाळीला दोष देतात. आधी या जागा बघा: बाथरूमच्या काचेच्या लूव्हर्स, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनचा गोल, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक, स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं आणि मुख्य दाराखालची फट. बाथरूमची लूव्हर्स ही बहुतेक फ्लॅट्समधली मोठी चोरवाट. तिथे जाळी बसवा आणि बाथरूमचं दार कायम लावलेलं ठेवा. दाराखाली ब्रशची किंवा रबरी पट्टी ठोका. भोकांमध्ये पुट्टी किंवा एम-सील.

आता तिन्हीसांजेचा प्रश्न. दिवेलागणीला मुख्य दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी यायची वेळ असते, असं आपल्याकडे मानतात, आणि नेमकी तीच वेळ डासांच्या आत शिरण्याची. घरात वडीलधारी असतील तर ‘दार लावा’ म्हणून वाद घालण्यापेक्षा दाराला जाळीचा दुसरा पल्ला बसवा. दार उघडं राहतं, दिवा दिसतो, डास बाहेर राहतो. तोवर दुसरा उपाय नसेल तर बाकीच्या खिडक्या सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी लावून घ्या आणि साधारण दोन तासांनी उघडा.

आत आलेल्यांचं काय

पंखा लावा. डास अशक्त उडणारा असतो, वाऱ्याशी त्याला झगडता येत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा मागही पंख्यामुळे पसरून जातो. अभ्यासाच्या टेबलाखाली घोटे फोडून काढणाऱ्या एडिससाठी जमिनीवर ठेवलेला छोटा टेबलफॅन फार उपयोगी पडतो.

रॅकेट चालवायची तर कुठे ते कळलं पाहिजे. दिवसा डास अंधाऱ्या, दमट, वारा नसलेल्या जागी बसतात: पडद्यांच्या घडीत, पलंगाखाली, दारामागे टांगलेल्या कपड्यांत, चपलांच्या कपाटात. एडिस तर बहुतेक कंबरेच्या खालीच सापडतो. संध्याकाळी पडदे झटका आणि रॅकेट खालच्या अंगाला फिरवा. स्प्रे मारल्या मारल्या किंवा गॅसचा वास येत असताना रॅकेट अजिबात वापरू नका, तिची ठिणगी पेट घेते.

मच्छरदाणी

लहान बाळासाठी याहून चांगलं काही नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला डासांचं कुठलंही मलम लावायचं नाही, फक्त जाळी. छत्रीसारखी उघडणारी जाळी घेतलीत तर खालची कड चादरीला सगळीकडून टेकते का ते पाहा, आणि बाळाचा हात जाळीला चिकटून राहत नाही ना तेही, कारण डास बाहेरून जाळीतूनच चावतो. मोठ्यांची मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती लोंबती ठेवली तर रात्रीतून डास खालून येतात.

एक गोष्ट फार कमी लोक पाळतात: घरात कुणाला डेंग्यूचा किंवा संशयित ताप आला तर त्या माणसाला पहिले पाच-सहा दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. एडिस त्याला चावला तर पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात तोच डास घरातल्या बाकीच्यांना आजार देऊ शकतो. एका घरात एकामागून एक माणसं आजारी पडतात ती अशी.

औषधं, आणि ज्यावर पैसे घालवू नयेत ते

लिक्विडचं मशीन लावायचं तर झोपायच्या अर्धा तास आधी, एक खिडकी जाळीसकट उघडी ठेवून, बाळाच्या पाळण्यापासून लांब. रिफिल मुलांच्या हाती लागू देऊ नका. कॉइल बंद खोलीत जाळू नका. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. दम्याच्या घरात तर ती नकोच. ओटा-अंगणात, उघड्यावर बसताना लावा. डासांच्या अगरबत्त्या म्हणून सुट्ट्या पुड्या मिळतात, त्यांवर सरकारी नोंदणीचा सीआयआर क्रमांक नसेल तर घेऊ नका, आत कुठलं कीटकनाशक आहे याचा पत्ता नसतो. घरात माशांची टाकी किंवा मांजर असेल तर स्प्रेच्या बाबतीत दुप्पट जपा. ही औषधं दोघांनाही बाधतात. अंगाला लावायचं मलम शाळेत आणि खेळायला जाणाऱ्या मुलांसाठी चांगलं, कारण एडिसची वेळ दिवसाची. हात-पाय झाकणारे फिक्या रंगाचे कपडे त्याच्या जोडीला.

आवाजाने डास पळवणारी प्लगची यंत्रं आणि मोबाइल ॲप घेऊ नका, त्यांनी चावे कमी होतात असा पुरावा नाही. निळ्या दिव्याच्या सापळ्यात डासांपेक्षा इतर किडेच जास्त मरतात. खिडकीत गवती चहा किंवा तुळस लावावी, चहासाठी आणि देवासाठी. नुसत्या झाडाने डास थांबत नाहीत. कडुलिंबाचा धूर काही वेळ डासांना लांब ठेवतो, पण तो धूरच आहे आणि छातीत जातो. गल्लीत धुराची गाडी आली की बरं वाटतं खरं, पण फवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

एवढं करूनही ताप आला, अंग मोडून आलं, डोळ्यांमागे दुखू लागलं, तर स्वतःहून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांकडे जा. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार ग्लानी यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या, ताप उतरत आला असला तरी.

घर बंद करून गावाला जाताना

गणपतीला मुंबईची निम्मी घरं कुलूप लावून कोकणात जातात. आठ-दहा दिवस, तेही ऐन भाद्रपदात, म्हणजे डासाची एक अख्खी पिढी बंद घरात आरामात तयार होते. निघायच्या दिवशी बादल्या, पिंपं, टब रिकामे करून उलटे घाला. कुंड्यांच्या ताटल्या काढा, मनीप्लँटची बाटली शेजाऱ्यांकडे द्या. फ्रिज बंद करून जाणार असाल तर मागचा ट्रे पुसा. कमोडचं झाकण पाडा आणि वर प्लास्टिक ताणून चिकटपट्टी लावा. नहाणी ट्रॅपमध्ये चमचाभर गोडेतेल सोडा: तेलाचा पातळ थर अळीला श्वास घेऊ देत नाही आणि पाणीही लवकर आटू देत नाही.

गावी पोचल्यावर तिकडचं वर्षभर बंद असलेलं घर उघडाल तेव्हा पहिल्या दिवशी मखर लावायच्या आधी परसात एक चक्कर मारा. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, विहिरीजवळचा फुटका घडा, पडवीतला जुना रांजण, यात पावसाचं पाणी असतंच. करवंट्या आणि विऱ्या गोळा करून शेडमध्ये टाका, वाळल्या की चुलीला उपयोगी पडतील.